घरचं मैदान ठरवायचं कुणी?

(घनसावंगी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी एका भांडणाविषयी बोलणार आहे. एखाद्या फुटबॉल क्लबने जुनं मैदान सोडून नव्या मैदानावर जायचं की नाही, हे ते भांडण. जिथे जिथे फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं आहेत तिथे ते कधी ना कधी होतंच. चहाच्या टपरीवर होतं, सामन्याहून परतताना लोकलमध्ये होतं, घराघरांत बाप-लेकांत होतं. आपल्याकडे या भांडणात समर्थकाला बोलता येतं, पण त्याचं बोलणं निर्णयापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याला नुसतं तिकीट पुरेसं नाही, मताचा अधिकार हवा, असं माझं म्हणणं आहे.

घनसावंगीत व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. इथली पोरं कबड्डी आणि क्रिकेट खेळतात, रात्री मोबाइलवर युरोपातले सामने बघतात. तरी हा विषय मी मुद्दाम इथे मांडतो आहे. का, ते पुढे येईल.

सुरुवात मुंबईपासून करू. मुंबईच्या फुटबॉलचं जुनं घर कूपरेज. ओव्हल मैदानाच्या शेजारचं, जेमतेम पाच हजार माणसांचं मैदान. रोव्हर्स चषक ही १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा मुंबईची. १९३७ मध्ये बंगळुरूच्या बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली आणि हा चषक उचलणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढे महिंद्रा युनायटेड हा इथला मोठा संघ झाला. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी कूपरेजवर खेळायचा. मैदानावर कृत्रिम हिरवळ घालण्याचं काम निघालं तेव्हा त्याला आपले घरचे सामने पुण्यात, बालेवाडीला खेळावे लागले. नावात मुंबई आणि घर दीडशे किलोमीटरवर. नोकरी करणारा माणूस असे किती सामने बघू शकणार? २०१७ मध्ये तोही क्लब संपला.

मग आला मुंबई सिटी एफसी. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि या क्लबला घर मिळालं नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. देखणं, भव्य, पन्नास हजारांच्या आसपास माणसं सामावणारं. पण ते बांधलं क्रिकेटसाठी. क्रिकेटचं मैदान गोल, फुटबॉलचं आयताकृती. गोलात आयत बसवला की चारही बाजूंना हिरवळीचे मोठे तुकडे रिकामे राहतात आणि प्रेक्षक खेळापासून दूर जातो. लीगमधली पहिली हॅट्‌ट्रिक आंद्रे मोरित्झने याच मैदानावर पुण्याच्या संघाविरुद्ध केली. २०१५ मध्ये लीगमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला भारतीय सुनील छेत्री ठरला, तीही इथेच. हे क्षण फार मोठे होते. वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाला मात्र ते लांबून बघावे लागले.

आणि तिथे जायचं कसं? बोरिवलीच्या माणसाने दादरला उतरायचं, गाडी बदलून कुर्ल्याला यायचं, कुर्ल्याहून हार्बरने नेरुळ. सामना सातला सुरू झाला तर संपायला नऊ. परतीच्या प्रवासात घरी बारा. सोबत दहा वर्षांचं लेकरू असेल तर बाप पुढच्या वेळी विचार करतो. क्लबच्या कचेरीतल्या हिशोबात हा विचार कुठेही नोंदला जात नाही. दिसते ती फक्त रिकामी खुर्ची.

२०१६ मध्ये क्लब अंधेरीला आला. महापालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, त्यातलं फुटबॉलचं मैदान, म्हणजेच मुंबई फुटबॉल अरीना. क्षमता सुमारे सात हजार. पन्नास हजारांवरून सात हजारांवर. कागदावर ही घसरण दिसते. प्रत्यक्षात क्लबला घर मिळालं ते तेव्हा. आझाद नगरचं मेट्रो स्थानक अगदी जवळ. घाटकोपरचा माणूस एका गाडीत येतो. आत आलात की मैदान समोर, खेळाडूने सहकाऱ्याला मारलेली हाक ऐकू येते. सात हजार लोक पन्नास हजारांच्या कढईत हरवून जातात, अंधेरीत तेच सात हजार मैदान दणाणून सोडतात. त्याच हंगामात, १९ नोव्हेंबर २०१६ ला, दिएगो फोर्लानने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल केले. उरुग्वेचा, विश्वचषक गाजवलेला हा खेळाडू इथल्या लोकांनी हाकेच्या अंतरावरून पाहिला. त्या मोसमात क्लब गुणतक्त्यात पहिला आला. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये उभं राहून ढोल वाजवणारे, नव्वद मिनिटं गाणारे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हे समर्थक क्लबइतकेच ओळखीचे झाले. समर्थकांची ही जमवाजमव मैदानाच्या आकारावर किती अवलंबून असते, ते अंधेरीने दाखवून दिलं.

म्हणून मोठं स्टेडियम म्हणजे प्रगती, हे समीकरण मला मान्य नाही. पण छोटं तेवढं चांगलं, असंही मी म्हणत नाही. त्याची किंमतही मुंबईच्या समर्थकाने मोजली आहे. २०२३-२४ मध्ये क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला तेव्हा घरचे सामने अंधेरीत झाले नाहीत. इराणच्या नस्साजीशी आणि उझबेकिस्तानच्या नवबहोरशी पुण्यात बालेवाडीला खेळावं लागलं, सौदीच्या अल हिलालशी नेरुळला. क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोठे सामने, आणि त्यांपैकी एकही आपल्या अंगणात नाही. त्याआधी करोनाच्या दोन मोसमांत सगळी लीगच गोव्यात, जवळजवळ पूर्णपणे बंद दाराआड झाली होती. मुंबई सिटीने पहिलं विजेतेपद मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्याला मिळवलं, ते रिकाम्या स्टँडसमोर. समर्थकांनी घरच्या टीव्हीसमोर जल्लोष केला.

त्यामुळे अंधेरीतले समर्थक आपसात बोलतात तेव्हा दोन्ही बाजूंनी खरं बोलतात. एक म्हणतो, क्लब वाढायचा असेल तर वीस-पंचवीस हजारांचं मैदान हवंच, आशियाई सामने घरी व्हायला हवेत. दुसरा म्हणतो, इथली हवा गेली तर क्लबकडे उरतं काय? दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक असते: अंधेरीचं मैदान क्लबच्या मालकीचं नाही. ते महापालिकेचं आहे. क्लब तिथे भाडेकरू आहे, आणि समर्थक हा त्या भाडेकरूचा पाहुणा.

पाहुण्याचं काय होतं ते पुण्याने पाहिलं. एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीत खेळत होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्याच्या पोरांनी विकत घेतलेले टी-शर्ट कपाटात राहिले. २०२२ मध्ये हैदराबाद एफसीने लीग जिंकली. आता हैदराबादचं ठरलं, असं वाटलं. २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. आणि हे एकदाच झालं असंही नाही. दिल्लीचा आधीचा क्लब, दिल्ली डायनामोज, २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. म्हणजे दिल्लीने एक क्लब गमावला, हैदराबादने पुण्याच्या जागी आलेला गमावला, आणि पुण्याकडे काहीच उरलं नाही. एकाही शहरातल्या समर्थकाकडे हे थांबवायचा कसलाही अधिकार नव्हता. मला यात संताप येतो आणि तो मी लपवत नाही. ज्या माणसाने पाच वर्षं आपले शनिवार-रविवार दिले, त्याला वर्तमानपत्रातून कळतं की आपला क्लब आता नाही.

इंग्लंडमध्ये याच गोष्टीवरून केवढं रामायण झालं ते सांगतो. लंडनच्या विम्बल्डनला आपण टेनिससाठी ओळखतो, पण तिथे एक फुटबॉल क्लबही होता. १९९१ मध्ये त्याने आपलं प्लाऊ लेन मैदान सोडलं आणि तो दुसऱ्या क्लबच्या मैदानावर राहू लागला. मे २००२ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेच्या आयोगाने त्याला नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या शहरात जायला परवानगी दिली. समर्थकांनी रडून झाल्यावर स्वतःचा क्लब काढला. त्याच उन्हाळ्यात सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, खूप खालच्या श्रेणीतून सुरुवात केली, पायरी पायरीने व्यावसायिक लीगपर्यंत चढले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा प्लाऊ लेनवर, जुन्या जागेजवळ बांधलेल्या नव्या मैदानात आले. तो क्लब आजही समर्थकांच्या मालकीचा आहे.

पण मला सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते ती लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनची गोष्ट. ती थोडी सविस्तर सांगू द्या, कारण तिथे भांडण एक पिढीभर चाललं.

एव्हर्टन १८९२ पर्यंत ॲनफिल्डवर खेळायचा. भाड्यावरून मालकाशी बिनसलं, क्लब उठून एका पार्कपलीकडे गुडिसनच्या मैदानावर गेला. रिकाम्या मैदानाच्या मालकाने मग नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. जगातलं एक मोठं वैर एका भाड्याच्या वादातून जन्मलं. गुडिसनवर एव्हर्टन १३३ वर्षं राहिला. भोवती विटांच्या घरांच्या चिंचोळ्या रांगा, स्टँडच्या कोपऱ्यात घुसलेलं एक चर्च. प्रेक्षक घरातून निघून चालत मैदानात. पण काही खुर्च्यांसमोर खांब, त्यामागून अर्धाच गोल दिसणार. वाढवायला चारही बाजूंना जागा नाही. उत्पन्न कमी, म्हणून खेळाडू कमी, म्हणून ट्रॉफी नाही. मैदान हलवलंच पाहिजे, हे बहुतेकांना पटलेलं होतं. वाद होता तो कुठे जायचं याचा.

२००७ मध्ये क्लबने एका सुपरमार्केट कंपनीच्या साथीने शहराच्या हद्दीबाहेर, कर्बीला जायची योजना मांडली आणि समर्थकांचं मतदान घेतलं. सुमारे ५९ टक्के मतं बाजूने पडली. इथे प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही. विरोधी गटाचं म्हणणं होतं की, मतदारांना दिलेली माहिती एकतर्फी होती. आपला क्लब शहराचा आहे, तो शहराबाहेर गेला तर तो तोच राहत नाही. त्यांनी सभा घेतल्या, आकडे तपासले, वाहतुकीचे प्रश्न काढले, सरकारी चौकशीत जाऊन साक्षी दिल्या. सामना संपल्यावर हजारो माणसं बसने परत कशी जाणार, हा साधा प्रश्न त्यांनी सोडला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने योजना नाकारली. कारणांत मुख्य होतं शेजारच्या बाजारपेठांवर होणारा परिणाम. पण तोवर समर्थकांनी आपल्या क्लबच्या मालकांपेक्षा जास्त अभ्यास केला होता.

मला या प्रसंगात हे महत्त्वाचं वाटतं की ५९ टक्क्यांतले लोक चुकीचे नव्हते आणि ४१ टक्क्यांतले हट्टी नव्हते. खांबामागे बसून थकलेल्या माणसाने ‘हो’ म्हटलं, क्लब शहरातच राहावा असं वाटणाऱ्याने ‘नाही’. मतदान घेतलं म्हणजे विचारलं, असं मात्र होत नाही. जे आधीच ठरलंय त्यावर शिक्का मागणं आणि ठरवताना सोबत बसवणं यांत फार अंतर आहे. हा फरक ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही.

पुढे क्लबने मर्सी नदीकाठची बंद पडलेली गोदी निवडली. शहरातच, नदीवर. या वेळी समर्थकांशी आणि शहरवासीयांशी कित्येक महिने चर्चा झाली, आणि नव्या स्टेडियममध्ये एका बाजूला तीव्र उताराचा एकच मोठा स्टँड आला, आवाज एकवटेल असा. किंमत इथेही होती. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचा बंदर परिसर जागतिक वारसा यादीतून काढला, आणि त्याच्या कारणांत या स्टेडियमचंही नाव होतं. १८ मे २०२५ ला एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसनवर शेवटचा सामना साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोलांनी जिंकला. ऑगस्टपासून ते सुमारे ५२ हजारांच्या नव्या मैदानावर गेले. गुडिसन पाडायचं ठरलेलं होतं, ते रद्द करून क्लबच्या महिला संघाला देण्यात आलं. मैदान हलवून झाल्यावर जुन्या मैदानाचं काय, या प्रश्नाला मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं उत्तर आहे.

आता घनसावंगीकडे येतो. इथल्या ऊसउत्पादकाला एक गोष्ट मुंबईच्या फुटबॉल समर्थकापेक्षा नीट कळते. अंकुशनगरचा, तीर्थपुरीचा साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. तिथे नुसता ऊस घालणारा वेगळा आणि भाग घेतलेला सभासद वेगळा. सभासदाला वार्षिक सभेची नोटीस येते, त्याच्या हातात अहवाल पडतो, तो उठून विचारू शकतो, मत देऊ शकतो. सभा कशी चालते, कुणाचं ऐकलं जातं, हे तुम्ही मला सांगाल. सहकारातले दोष मी झाकत नाही. पण कारखाना उचलून उद्या दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा ठराव सभासदाला न विचारता कुणी करू धजेल का? भारतातल्या फुटबॉल समर्थकाची अवस्था आज सभासद नसलेल्या ऊसवाल्याची आहे. ऊस त्याचा, गाळप त्याच्यावर, ठराव दुसऱ्याचा.

जर्मनीत हा सभासद फुटबॉलमध्ये आहे. तिथे १९९८ पासूनच्या नियमाने क्लबमधली बहुमताची मतं मूळ संस्थेच्या सभासदांकडे राहतात. काही अपवाद आहेत, पण नियम टिकून आहे. बर्लिनच्या युनियन क्लबचं मैदान मोडकळीला आलं आणि पैसे नव्हते, तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी स्वतः येऊन काम केलं. कुणी सिमेंट ओतलं, कुणी लोखंड वाकवलं. २०२३ मध्ये हाच क्लब युरोपच्या चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला तेव्हा जास्त माणसांना बघता यावं म्हणून घरचे सामने बर्लिनच्या प्रचंड ऑलिम्पिक मैदानावर झाले. तिथले तिन्ही सामने क्लब हरला. अर्जेंटिनात सान लोरेन्सोच्या सभासदांची कहाणी आणखी लांब. १९७९ मध्ये त्यांचं बोएदो वस्तीतलं मैदान गेलं, तिथे सुपरमार्केट उभं राहिलं. समर्थकांनी तीन दशकं पाठपुरावा केला, मोर्चे काढले, २०१२ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या विधानमंडळाकडून जमीन परत देण्याचा कायदा करून घेतला आणि एकेक चौरस मीटरचे पैसे भरले.

मग आपल्याकडे असं काहीच नाही का? आहे, आणि ते कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. तालमी मुळात कुस्तीच्या. लाल मातीतल्या पोरांनी फुटबॉल धरला आणि पेठांची नावं संघांना चिकटली. सगळे एकाच मैदानावर, राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि ते शहराच्या मध्यात आहे. लोक पेठेतून चालत येतात. सामना संपल्यावर त्यावरची चर्चा पेठेच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत चालते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हा योगायोग नाही. या संघांना कुणी विकत घेऊन हलवू शकत नाही. पेठ हलत नाही.

तिथे समर्थकांमध्ये हाणामाऱ्या झाल्या आहेत, हुल्लडबाजीमुळे पोलिसांना मैदानात उतरावं लागलं आहे, हेही तितकंच खरं. ज्याला अधिकार हवा त्याने जबाबदारी घ्यावी. पण कोल्हापुरात उद्या शहराबाहेर दहा-पंधरा किलोमीटरवर झगमगीत स्टेडियम बांधलं आणि सामने तिकडे नेले, तर दंगा कमी होईल आणि फुटबॉलही कमी होईल, असं मला वाटतं. शाहू स्टेडियमच्या खुर्च्या, दिवे, स्वच्छतागृहं, बायकांना निर्धास्त बसता येईल अशी जागा, हे सगळं तिथल्या तिथे व्हायला हवं. बायका मैदानात किती येतात, यावरून मैदानाची पारख करावी, एवढं माझं मत आहे.

मैदान लोकांच्या जवळ असावं, हे या तालुक्यालाही लागू आहे. राज्याच्या क्रीडा धोरणातून तालुका क्रीडा संकुलांची योजना आली. कित्येक ठिकाणी संकुल बांधलं गेलं ते जिथे सरकारी जमीन मोकळी होती तिथे, गावापासून दूर, बस नाही, दिवा नाही. धावपट्टी आखली जाते आणि पाचवीतली मुलगी तिथे संध्याकाळी पोहोचू शकत नाही. मैदानाची जागा ठरवताना आधी मोजायला हवं ते मुलांच्या पायांचं अंतर. सातबारा नंतर बघता येतो. तुमच्या गावात कबड्डीचं जुनं मैदान हलवायची गोष्ट निघाली तर ग्रामसभेत विचारा: नवी जागा कुणाच्या नावावर असेल, मुली तिथे अंधारात जाऊ शकतील का, आणि जुन्या जागेवर काय उभं राहणार आहे?

मुंबईत अंधेरीचा प्रश्न एक दिवस येणारच. महापालिका, क्लबचे मालक आणि लीग एका टेबलाशी बसतील. समर्थकांच्या संघटनेने त्याआधीच लेखी मागणी ठेवावी असं मी म्हणतो: संघटनेची अधिकृत नोंदणी, क्लबच्या मैदानविषयक निर्णयात एक जागा, आणि शहर सोडायचं असेल तर समर्थकांच्या बहुमताशिवाय ते होणार नाही अशी अट महापालिकेच्या भाडेकरारात. शेवटची मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण करार महापालिकेशी असतो आणि महापालिका मतदारांना उत्तर देते. पुण्याकडे अशी अट असती तर एफसी पुणे सिटी वाचला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्याला जाण्याआधी बालेवाडीत येऊन लोकांसमोर उभं राहावं लागलं असतं.

मला जे म्हणायचं होतं ते झालं. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलांनी आधी विचारावेत.